मोठी जागा मुलं घरात असतानाच हवी

मुंबई, ठाणे, पुणे या पट्ट्यातल्या नोकरदार कुटुंबाचा घराच्या बाबतीतला प्रवास बहुतेक ठरलेलाच असतो. लग्नाच्या आगेमागे कर्ज काढून वन बीएचके घ्यायचा. त्याचे हप्ते भरता भरता पहिलं मूल होतं, मग दुसरं होतं, आणि घर मात्र तेवढंच राहतं. पुढे पगार वाढतात, कर्ज उतरत जातं, एफडी, पीएफ आणि थोडं सोनं एकत्र करून टू बीएचके बुक होतो. बांधकाम तीन-चार वर्षं चालतं. ताबा मिळून वास्तुशांत होते तेव्हा नवरा-बायको पन्नाशीकडे झुकलेली असतात, थोरली हॉस्टेलवर गेलेली असते आणि धाकट्याची बारावी झालेली असते. ज्यांच्यासाठी म्हणून जास्तीची खोली घेतली, त्यांची त्या खोलीत दोन वर्षंही जात नाहीत. दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण आपल्याकडच्या मध्यमवर्गाच्या घरांना अगदी चपखल लागू पडते. माझं म्हणणं असं की, मोठी जागा मुलं घरात असतानाच मिळायला हवी, आणि ती विकत घेणं झेपत नसेल तर भाड्याने घ्यावी. स्वतःचं लहान घर असेल तर ते भाड्याने द्यावं आणि आपण भाड्याच्या मोठ्या घरात राहावं. हा मार्ग आपल्याकडे फारसं कोणी सुचवत नाही. सुचवलाच, तर ‘स्वतःचं घर असताना भाड्याने राहायचं?’ असा प्रश्न लगेच येतो. त्या प्रश्नाला नीट, आकड्यांसकट उत्तर द्यायला हवं.

आधी गरज किती वर्षांची आहे ते पाहू. तान्ह्या बाळाला वेगळी खोली लागत नाही. मूल चार-पाच वर्षांचं झालं, दप्तर आलं, की जागेची चणचण सुरू होते आणि ती ते घराबाहेर पडेपर्यंत टिकते. दोन मुलांमध्ये तीन वर्षांचं अंतर धरलं तर हा काळ पंधरा-सोळा वर्षांचा होतो. यातली पहिली निम्मी वर्षं म्हणजे आई-वडिलांच्या वयाची साधारण बत्तीस ते चाळीस. पगार मध्यम, पहिल्या घराचं कर्ज डोक्यावर, पाळणाघर आणि शाळेच्या फीचा भार सर्वांत जास्त, असा हा काळ. घर विकत घेण्याची ऐपत आणि घराची गरज या दोन गोष्टींत दहा-पंधरा वर्षांचं अंतर पडतं, आणि कितीही काटकसर केली तरी ते पूर्ण मिटत नाही. भाडं मात्र त्या महिन्याच्या उत्पन्नातून द्यायचं असतं. म्हणून ऐपत नसलेल्या वर्षांत गरज भागवण्याचा तोच एक सरळ उपाय उरतो.

चणचण म्हणजे नेमकं काय, हे ३८० चौरस फूट कार्पेटच्या घरातली संध्याकाळ पाहिली की कळतं. दहा बाय चौदाचा हॉल. त्यात सोफा-कम-बेड, टीव्ही, शू-रॅक, आणि भिंतीला उभी करून ठेवलेली सायकल. आठ वाजता थोरलीला इतिहासाचं पाठांतर करायचं असतं. वडिलांचा ऑफिसचा कॉल लांबलेला असतो. स्वयंपाकघरात मिक्सर चालू असतो आणि दार असलं तरी फ्रिज दारातच ठेवल्यामुळे ते लागत नाही. धाकट्याला नऊला झोपवायचं म्हणून बेडरूममधला दिवा बंद. मग थोरलीचा अभ्यास हॉलमध्ये, जमिनीवर, पाटावर वही ठेवून. साडेनऊला जेवणं झाली की सोफ्याचा पलंग करायचा, म्हणजे टीपॉय उचलून बेडरूमच्या दारात न्यायचा, म्हणजे पुन्हा आवाज. आजी चार दिवसांसाठी राहायला आली तर वडील हॉलमध्ये गादीवर. यातली एकही गोष्ट मोठं संकट नाही. पण रोज संध्याकाळी तीन-चार तास घरातल्या प्रत्येकाला दुसऱ्याचं काम थांबवूनच स्वतःचं काम करता येतं, आणि घरातली सगळ्यांत जास्त बोलणी याच तासांत होतात. ‘हळू बोल’, ‘दिवा बंद कर’, ‘आत्ता नको’, ‘उचल ते’ ही वाक्यं कुणाच्या स्वभावातून येत नाहीत, जागेच्या टंचाईतून येतात. ऐकणाऱ्या मुलाला मात्र ती आई-बाबांचा स्वभावच वाटतात.

हे नुसतं अनुमान नाही. गॅरी एव्हान्स हे अमेरिकेतले पर्यावरण-मानसशास्त्रज्ञ आणि पुणे विद्यापीठातले प्रा. पळसणे व त्यांचे सहकारी यांनी पुण्यातल्या कामगार कुटुंबांतल्या १० ते १२ वर्षांच्या २८१ मुलांचा अभ्यास केला. तो १९९८ मध्ये ‘चाइल्ड डेव्हलपमेंट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. घरातल्या दाटीवाटीचा संबंध शाळेतल्या वर्तनाच्या अडचणींशी, अभ्यासातल्या मागे पडण्याशी आणि मुलग्यांच्या वाढलेल्या रक्तदाबाशी असल्याचं त्यांना आढळलं. मुलींच्या बाबतीत वेगळीच गोष्ट दिसली. अवघड काम समोर आलं की ‘आपल्याच्याने होणार नाही’ म्हणून ते लवकर सोडून देण्याची वृत्ती दाटीच्या घरांतल्या मुलींमध्ये अधिक होती. घराचं उत्पन्न लक्षात घेऊनही हे संबंध टिकून राहिले, म्हणजे सगळं खापर गरिबीवर फोडता येत नाही. त्याहून महत्त्वाचा निष्कर्ष पुढचा आहे. या परिणामांचा काही भाग थेट दाटीमुळे नव्हता, तर दाटीमुळे आई-वडील आणि मुलांमध्ये वाढणाऱ्या खटक्यांमुळे होता. फ्रान्समध्ये गू आणि मोरां या अर्थशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, खोली भावंडांबरोबर वाटून घ्यावी लागणारी मुलं शाळेत मागे पडण्याचं प्रमाण अधिक दिसलं. तिथेही हा परिणाम निव्वळ गरिबीचा नाही हे दाखवण्याची त्यांनी खास काळजी घेतली होती. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये घर आणि आरोग्य यांवर मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यातही घरातली दाटी कमी करण्यासाठी सरकारांनी उपाय करावेत अशी स्पष्ट शिफारस आहे.

यावर सर्वांत जोरदार आक्षेप येतो तो चाळीचा. गिरगाव, दादर, लालबाग, परळ इथल्या दहा बाय बाराच्या खोल्यांतून डॉक्टर, इंजिनिअर, नट, लेखक, क्रिकेटपटू घडले. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग इथल्या बीडीडी चाळींतली खोली १६० चौरस फुटांची, आणि तिच्यात आठ-आठ, दहा-दहा माणसं राहिली. मग आत्ताच्या मुलांना ३८० फूट कमी कसे पडतात? हा आक्षेप मनापासून येतो, म्हणून त्याला मनापासूनच उत्तर द्यायला हवं. चाळीतलं मूल १६० फुटांत फक्त झोपायचं. त्याचा दिवस जायचा गॅलरीत, जिन्यात, अंगणात, शेजारच्या उघड्या दाराच्या घरात, आणि परीक्षा जवळ आली की वाचनालयाच्या अभ्यासिकेत. सगळ्या मजल्याची गॅलरी ही त्या प्रत्येक खोलीची बिनभाड्याची दुसरी खोली होती. आजच्या बाविसाव्या मजल्यावरच्या वन बीएचकेला सेफ्टी डोअर असतं, बाहेर लिफ्टची लॉबी असते, आणि खाली खेळायचं तर कोणीतरी मोठ्याने सोबत जावं लागतं. चाळीच्या मानाने खोली मोठी झाली, पण मुलाच्या वाट्याला आलेली एकूण जागा घटली. दुसरं असं की, चाळीतून जे वर आले त्यांच्या आठवणी छापून येतात. ज्यांचा अभ्यास त्या गोंगाटात सुटला, ज्या मुलींना पुस्तक घेऊन बसायला कोपराच मिळाला नाही, ज्या सुनांना दिवसभरात कपडे बदलायलाही आडोसा शोधावा लागला, त्यांची आत्मचरित्रं फारशी निघाली नाहीत. आणि चाळीत राहणाऱ्यांनी स्वतः काय मागितलं, हेही पाहावं. बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात १६० फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांचं घर मिळावं म्हणून त्या कुटुंबांनी वर्षानुवर्षं वाट पाहिली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीत पहिल्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या तो दिवस तिथल्या लोकांनी सणासारखा साजरा केला.

दुसरा आक्षेप घर आवरण्याचा. माळ्यावरची न वापरलेली भांडी, लग्नातले डिनर सेट, बंद पडलेला कूलर काढून टाकले आणि भिंतीला घडी होणारं टेबल लावलं की जागा होते, असं म्हणतात. होते, आणि घर बदलायच्या विचाराआधी हे केलंच पाहिजे. पण आवरण्याने वस्तूंची जागा मोकळी होते, आवाज आणि उजेड वेगळे होत नाहीत. त्यासाठी भिंत आणि दार लागतं. एका वेळी दोघांना शांतता हवी आहे आणि ती घरात दोन ठिकाणी मिळत नाही, असं आठवड्यातून चार-पाच दिवस होत असेल, तर कपाटं बदलून भागणार नाही.

आता पैशांकडे येऊ, कारण निर्णय अडतो तो इथेच. उदाहरणादाखल ठाण्यातलं एक कुटुंब घेऊ. त्यांचा स्वतःचा वन बीएचके, कर्ज फिटलेला, किंमत ७५ लाख. हवा आहे तो टू बीएचके, ६५० चौरस फूट कार्पेट, किंमत १ कोटी ४० लाख. लहान घर विकून मोठं घ्यायचं ठरवलं तर मुद्रांक शुल्क ठाण्यात ७ टक्के, म्हणजे ९ लाख ८० हजार. घर बाईच्या नावावर घेतलं तर एक टक्का सूट मिळते, ती जरूर घ्यावी. वर नोंदणी फी, दोन्हीकडची दलाली, सामानाची हलवाहलव. जुन्या घराचे सगळे पैसे घातले तरी ७५ लाखांच्या आसपास कर्ज काढावं लागतं. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी या कर्जाचा हप्ता ६५ हजार रुपये येतो. आता दुसरा मार्ग. आपल्या मोठ्या शहरांत राहत्या घराचं वार्षिक भाडं किमतीच्या तीन टक्क्यांच्या आसपास असतं. त्या हिशेबाने १ कोटी ४० लाखांच्या घराचं भाडं महिना ३५ हजार, आणि स्वतःच्या ७५ लाखांच्या घरातून येणारं भाडं साधारण १९ हजार. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स, मालमत्ता कर आणि किरकोळ दुरुस्ती वजा केली तर हातात १५ हजार. म्हणजे मोठ्या घरात राहण्याचा खिशातून जाणारा खर्च महिना २० हजार. एकीकडे ६५, दुसरीकडे २०. आपल्या भागातले आकडे घालून वाचकाने हा हिशेब स्वतः करून पाहावा. भाडं आणि किंमत यांचं गुणोत्तर तीन टक्क्यांच्या जवळपास असेल तोवर उत्तराची दिशा बदलणार नाही.

‘हप्ता भरला तर घर आपलं होतं, भाडं म्हणजे पैसा पाण्यात’ हे वाक्य इथे हमखास येतं. वरच्या ६५ हजारांच्या पहिल्या हप्त्यात ५३ हजार रुपये व्याज असतं आणि मुद्दल फिटतं जेमतेम १२ हजारांचं. हप्त्यातला निम्मा वाटा मुद्दलाकडे जायला जवळपास बारा वर्षं लागतात. भाडं पाण्यात जात असेल, तर व्याजही त्याच पाण्यात जातं, आणि सुरुवातीच्या वर्षांत कितीतरी जास्त जातं. राहिला प्रश्न किंमत वाढण्याचा. तो खरा आहे. घराच्या किमती वर्षानुवर्षं दहा-दहा टक्क्यांनी वाढत राहिल्या तर घेणारा फायद्यात राहील, हे मी मान्य करतो. पण २०१४ ते २०२० या काळात मुंबई-पुण्यातल्या किमती बऱ्याच अंशी जागच्या जागी राहिल्या होत्या, आणि बाजार हलावा म्हणून राज्य सरकारला २०२० च्या सप्टेंबरात मुद्रांक शुल्क तात्पुरतं २ टक्क्यांवर आणावं लागलं होतं. शिवाय या मार्गात लहान घर आपल्याच नावावर राहतं. किमती वाढल्या तर त्याचीही वाढते. कुटुंब बाजाराबाहेर पडत नाही, फक्त नवा मोठा डाव लावत नाही. एक अट मात्र कडक आहे. वाचलेले ४५ हजार, किंवा त्यातले जेवढे परवडतील तेवढे, महिन्याच्या पहिल्या तारखेला आपोआप आवर्ती ठेवीत किंवा म्युच्युअल फंडात गेले पाहिजेत. हप्ता सक्तीने बचत करायला लावतो, भाडं लावत नाही. ही शिस्त नसेल तर माझा सगळा हिशेब कोसळतो.

भाड्याच्या घराबद्दलची आपली नावड पैशांपेक्षा जुनी आहे आणि तिला इतिहास आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. भाडेकरूला निघावं लागत नसे, मालकाला दुरुस्तीपुरतेही पैसे मिळत नसत, आणि पागडीचा व्यवहार त्यातूनच फोफावला. नवीन घरं भाड्यासाठी बांधणं जवळपास थांबलं. देशातल्या शहरांत १९६१ साली निम्म्याहून अधिक कुटुंबं भाड्याने राहत होती, २०११ पर्यंत ते प्रमाण २८ टक्क्यांच्या आसपास आलं. त्याच २०११ च्या जनगणनेत एकट्या मुंबईत सुमारे ४ लाख ८० हजार घरं रिकामी आढळली. भाडेकरू ठेवला की घर गेलं, ही मालकांची भीती यामागचं एक मोठं कारण आहे. १९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेल्या भाड्याच्या तरतुदी अवाजवी ठरवल्या आणि त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आला, जो ३१ मार्च २००० पासून लागू आहे. आज आपण ज्याला लीव्ह अँड लायसन्स म्हणतो तो करार या कायद्यानुसार लेखी आणि नोंदणीकृतच असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची असते. मुदत संपल्यावर राहणाऱ्याने घर सोडलं नाही तर त्याला दुप्पट भाड्याने भरपाई द्यावी लागते. मालकाला एवढं संरक्षण असल्यामुळे आज चांगली घरं भाड्याने मिळू लागली आहेत. त्याचा फायदा तरुण कुटुंबांनी घ्यायला हवा.

पण मुलं असलेल्या घराला अकरा महिन्यांचा करार पुरत नाही, हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. दरवर्षी मालकाच्या फोनची धास्ती घेऊन जगायचं, शाळा बदलायची, पुन्हा खोकी भरायची, हे कोणाला नको असणार. याचा इलाज करार करतानाच होतो. अकरा महिने हा नुसता रिवाज आहे. लीव्ह अँड लायसन्स साठ महिन्यांपर्यंत करता येतं आणि त्याचं मुद्रांक शुल्क किरकोळ असतं. ३५ हजार भाडं आणि दीड लाख अनामत धरून तीन वर्षांच्या कराराला सव्वातीन हजारांच्या आसपास शुल्क आणि एक हजार नोंदणी फी पडते. त्यामुळे छत्तीस महिन्यांचाच करार मागावा. दरवर्षी भाडं किती टक्के वाढणार ते आकड्यात लिहून घ्यावं. लॉक-इन म्हणजे ज्या काळात घर सोडता येत नाही तो काळ, आणि तो मालकावरही बंधनकारक असल्याचं कलम घालावं, कारण बऱ्याच तयार मसुद्यांत ते फक्त राहणाऱ्यावर असतं. नोटीस दोन-तीन महिन्यांची असावी आणि शालेय वर्षाच्या मध्ये घर सोडावं लागू नये म्हणून कराराची अखेर एप्रिल-मेमध्ये येईल अशी तारीख धरावी. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित ठेवलेली आहे. राज्याच्या विधिमंडळाने मंजूर केल्याशिवाय तो लागू होत नाही, तरी मालकाशी बोलताना हा दाखला द्यायला हरकत नाही. किल्ली घेताना प्रत्येक खोलीचे, नळांचे, भिंतींवरच्या डागांचे फोटो काढून मालकाला पाठवून ठेवावेत. अनामतीवरून होणारी बरीचशी भांडणं तिथेच टळतात. आणि जुन्या-नव्या दोन्ही सोसायट्यांचे नियम आधी विचारावेत. आपलं लहान घर भाड्याने दिल्यावर आपली सोसायटी जे बिनभोगवटा शुल्क लावते ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही, हे २००१ पासून ठरलेलं आहे. एवढं सगळं करूनही तीन वर्षांनी घर बदलायची वेळ येऊ शकते. आली तर त्याच शाळेच्या बसच्या टापूत दुसरं घर शोधावं. मुलाच्या दृष्टीने शाळा आणि मित्र टिकले की घर बदलल्याचा धक्का बराच सौम्य होतो.

‘त्यापेक्षा बदलापूर, विरार, पनवेलकडे जा, त्याच पैशात स्वतःचं मोठं घर मिळेल’ हा सल्ला नातेवाइकांकडून हटकून येतो. ज्यांची नोकरी त्याच बाजूला आहे त्यांनी तो जरूर ऐकावा. पण बदलापूर ते सीएसएमटी हे अंतर ६८ किलोमीटरच्या आसपास आहे, लोकलने एका बाजूला दीड तास. स्टेशनपर्यंतची रिक्षा आणि पुढचा प्रवास धरला तर दिवसाचे चार तास जातात. आई-वडील दोघंही नोकरी करत असतील तर मूल उठण्याआधी एक जण बाहेर पडतो आणि ते झोपायला आल्यावर परततो. मुलासाठी खोली मिळाली आणि खोलीच्या बदल्यात आई-बाबा गेले, हा सौदा तोट्याचा आहे. त्यात अनेक घरांत दोन वर्षांच्या आत बाईची नोकरी सुटते, कारण पाळणाघर सातला बंद होतं आणि साडेआठच्या आत घर गाठता येत नाही. त्या सुटलेल्या पगाराचा हिशेब घराच्या किमतीत कोणीच धरत नाही. आजी-आजोबा दहा मिनिटांवर असतील आणि मुलं शाळेतून त्यांच्याकडे जात असतील, तर त्या दहा मिनिटांची किंमत एका बेडरूमपेक्षा मोठी आहे. म्हणून मोठी जागा शोधायची ती सध्याच्या शाळेच्या, पाळणाघराच्या आणि स्टेशनच्या आसपासच. तिथे विकत घेणं आवाक्याबाहेरचं असतं, भाड्याने मिळू शकतं. माझा सगळा आग्रह त्यासाठीच आहे.

घर पाहायला जाताना टेप घेऊन जावा. जाहिरातीतल्या आकड्यावर विसंबू नये. रेरा कायद्यानुसार कार्पेट एरियात आतल्या भिंती धरतात, पण बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि गच्ची धरत नाहीत. दलाल सांगतो तो आकडा बहुतेक वेळा याहून फुगलेला असतो. ६५० फुटांच्या घरात साठ-सत्तर फूट नुसत्या पॅसेजमध्ये गेलेले असू शकतात. दुसऱ्या बेडरूममध्ये दोन मुलांचे पलंग, एक टेबल आणि कपाट ठेवून दार पूर्ण उघडतं का, ते मोजून पाहावं. राष्ट्रीय बांधकाम संहितेत राहत्या खोलीचं किमान क्षेत्रफळ साडेनऊ चौरस मीटर, म्हणजे सुमारे १०२ चौरस फूट धरलं आहे, आणि जिथे दोन खोल्या आहेत तिथे दुसरी साडेसात चौरस मीटरची चालते. पुष्कळ ‘सेकंड बेडरूम’ या दुसऱ्या आकड्याच्या जेमतेम वर असतात. खिडकी डक्टमध्ये उघडत असेल तर ती खोली दिवसाही दिवा लावूनच वापरावी लागेल आणि मुलं पुन्हा हॉलमध्ये येऊन बसतील. घर मिळाल्यावर एक चूक टाळावी. जास्तीची खोली ‘पाहुण्यांची’ करून तिथे इस्त्रीचे कपडे आणि सूटकेसा रचून ठेवू नयेत. ती पहिल्या दिवसापासून मुलांची असावी, तिला दार असावं आणि ते दार लावायची मुलांना मुभा असावी.

हा सल्ला प्रत्येकाला लागू नाही. ज्यांना नोकरीची खात्री आहे आणि मोठ्या घराचा हप्ता दोघांच्या पगाराच्या एक तृतीयांशाच्या आत बसतो, त्यांनी सरळ विकत घ्यावं. ज्यांचं पहिलं कर्ज अजून मोठं आहे आणि लहान घराच्या भाड्यातून त्याचा निम्मा हप्ताही सुटत नाही, त्यांनी दोन-तीन वर्षं थांबावं. पण या दोन टोकांच्या मध्ये जी हजारो कुटुंबं आहेत, ‘अजून थोडे पैसे जमू देत’ म्हणत वाट पाहणारी, त्यांना माझं सांगणं आहे की पैसे जमण्याच्या आधी मुलं मोठी होतील. शाळा जूनमध्ये सुरू होतात आणि बरेच करार एप्रिल-मेमध्ये संपतात. फेब्रुवारीतच शाळेच्या परिसरातली घरं पाहायला लागा, आपलं लहान घर किती भाड्याला जाईल याची दोन ठिकाणी चौकशी करा, आणि दोन्ही आकडे कागदावर मांडून घरातल्या सगळ्यांनी मिळून ठरवा.